पाच फूट सहा

पोतीत्साची कणीक ओढायला टेबलाच्या चारही बाजूंना हात लागतात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी आठ वाजता नेझा ओब्लाकच्या स्वयंपाकघरात तीनच बायका होत्या. त्यातली एक उर्शुलाआत्या. तिच्या एकटीचे हात दोघींच्या बरोबरीचे, आणि तोंड चौघींच्या.

"विदा कुठाय?" आत्याने विचारलं. "का तिला इंजिनांना तेल घालण्यातून सवड नाही?"

"आठला सुटते. येईलच," नेझाची मुलगी झोफ्का म्हणाली.

"पोरीच्या हातांना वंगणाचा वास येतो गं. अशा हातांनी कणीक ओढली तर पोतीत्सा खायची की आगगाडीला घालायची?"

झोफ्काला एरवी हसू आलं असतं. आज तिच्या ॲप्रनच्या खिशात एक चिठ्ठी होती. गुरुवार संध्याकाळपासून ती चिठ्ठी तिच्याबरोबर गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला जाऊन आली होती, उशीखाली झोपली होती, आणि आता टेबलाच्या कडेला दाबली जाऊन कुरकुरत होती. दुपारी बारापर्यंत तिचं काहीतरी करायला हवं होतं.

टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती, चादरीवर पीठ, आणि मधोमध कणकेचा गोळा थाळीएवढा झाला होता. तो ओढून ओढून इतका पातळ करायचा, की खालची चादरीची वीण दिसली पाहिजे. मग त्यावर अक्रोड, साय, मध पसरायचा आणि गुंडाळी करून भट्टीत. तीन वाजता चर्चमध्ये फादर खाण्याच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे, आणि टोपलीत पोतीत्सा नाही असा ईस्टर ओब्लाकांच्या घरात कधी झाला नव्हता. ज्या वर्षी आबा खाणीत दगावले, त्या वर्षीही नाही. यंदा करूच नये असं लोयझेदादा म्हणाला होता. सहा आठवड्यांपूर्वी सैन्याची तार आली होती: धाकटा स्तांको इटलीत बेपत्ता. नेझाने ती तार वाचून घेतली, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून अक्रोड आणले.

लोयझे रात्रपाळी करून आला तेव्हा त्याच्या बुटांवरून लाल माती फरशीवर सांडली. या गावात सगळ्यांच्याच बुटांवर ती असते. लोखंडाची माती. ती डुलुथच्या बंदरातून जहाजाने जाते आणि तिचे रणगाडे होतात. म्हणून तर लोयझेला सरकारने खाणीतच ठेवलं होतं. बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस.

"हात धू आणि ये इकडे," आत्या म्हणाली.

"मी? मी पुरुष आहे आत्या."

"हो का? मला वाटलं नुसताच उभा राहिलेला खांब आहे. चौथी बाजू रिकामी आहे, ये."

तो आला. चौघांनी मुठी वळून पालथे हात कणकेखाली घातले आणि आपापल्या बाजूला हळूहळू ओढू लागले. तेवढ्यात विदा आली. डोक्याचा रुमाल सोडत, मोरीशी जाऊन कोपरापर्यंत हात घासू लागली. स्तांकोची बायको. लग्न होऊन नऊ महिने झाले होते, त्यातले अकरा दिवस नवऱ्याबरोबर आणि बाकीचे सासूबरोबर.

"साबण जपून गं," आत्या म्हणाली.

"नुसतं पाणीच आहे आत्या. साबण तुमच्यासाठी ठेवलाय," विदा म्हणाली.

कणीक टेबलाच्या कडेपर्यंत आली. आता कुणी हात काढला तर ती फाटणार होती. झोफ्का याच क्षणाची वाट पाहत होती, आणि तशी पाहत होती याची तिला लाजही वाटत होती. आई अवघड बोलणं निघालं की उठून कोंबड्यांकडे जायची. आज तिला उठता येणार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "रेशन बोर्डाकडे एक चिठ्ठी आलीय. खाली नाव नाही."

"कुणाबद्दल?" लोयझेने विचारलं.

"आपल्याबद्दल. लिहिलंय, नेझा ओब्लाकने मुलाचं साखरेच्या रेशनचं पुस्तक चुलीत जळालं असं शपथेवर लिहून दिलं, ते खोटं आहे. पुस्तक घरात आहे."

कणीक चौघांच्या हातांवर थोडी थरथरली.

"बोर्डाच्या नीलुंड मास्तरांनी चिठ्ठी मला दिली," झोफ्का पुढे म्हणाली. "म्हणाले, आज बारा वाजता बोर्ड बंद होतं. तोवर काय ते खरं सांगा. नाहीतर सोमवारी मला ती डुलुथला पाठवावी लागेल. आई, त्या शपथेखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आणि वर्षभर मी त्याच बोर्डाच्या टेबलाशी बसतेय. लोकांना सांगतेय, खोटं सांगू नका."

तिचा आवाज नको तिथे चढला. नेझा कणकेकडे पाहत होती. "त्या बाजूला जाड राहिलीय," ती म्हणाली. "लोयझे, जरा ओढ."

"आई! पुस्तक आहे का घरात?"

"बेचाळीस सालचं पुस्तक," लोयझे मध्येच म्हणाला. "त्यातल्या तिकिटांची मुदत कधीच संपली. त्यावर कुणी चिमूटभर साखर देणार नाही. मग बोर्डाचं काय जातंय?"

"शपथ जातेय दादा. माणूस सैन्यात गेला की पुस्तक परत करायचं, हा नियम आहे. सगळ्या गावाने केलं."

"सगळ्या गावाने!" आत्या फुत्कारली. "ज्या दिवशी पुस्तकं वाटली, त्या दिवशी घरात साखर किती ते विचारत होते. सगळ्या गावाकडे म्हणे दोन-दोनच पौंड. खरं सांगितलं ते या एकटीने. अकरा पौंड! मास्तरांनी तिथल्या तिथे तेवढ्या साखरेची तिकिटं फाडून घेतली, आणि बाहेर बायका हसत होत्या. हिच्यावर खोटेपणाचा आळ? कुणी लिहिली ती चिठ्ठी? को-ऑपच्या दुकानातल्या त्या..."

ती एकदम थांबली. उर्शुलाआत्या वाक्याच्या मध्ये थांबलेली झोफ्काने आयुष्यात पाहिली नव्हती.

"आत्या?"

"मी काही वाईट बोलले नव्हते," आत्या म्हणाली. आवाज खाली आला होता. "नाताळात मी अक्रोडाची चक्की काढली, तर तिच्या खोक्यात, तळाशी... मी हात नाही लावला. मागच्या आठवड्यात दुकानात ती बया म्हणाली, ओब्लाकांकडे यंदाही पोतीत्सा आहे म्हणे, साखर बरी मिळते काही लोकांना. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अगं, माझ्या भावजयीकडे आख्खं पुस्तक पडलंय, एका तिकिटाला तिने हात लावला नाही! सगळ्या दुकानासमोर म्हटलं. मला वाटलं, मी तिची बाजू घेतेय."

"वन्सं," नेझा म्हणाली, "तुम्ही माझी बाजू घेऊ नका म्हणून मी पस्तीस वर्षं सांगतेय."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते. तिने खांद्याला गाल घासला.

"सोपं आहे," लोयझे म्हणाला. "चूल पेटलेली आहे. पुस्तक टाका आत. आई म्हणाली होती जळालं. झालं खरं."

"आणि मी बारा वाजता जाऊन काय सांगू?"

"जळालं म्हणून सांग. खोटं कुठाय त्यात?"

"तू सांग जाऊन!"

"मी? मी बोर्डात पाय ठेवला तर लोक काय बघतात माहितेय? भाऊ तिकडे, हा इकडे. बुटांची तिकिटं मागायलासुद्धा मी तुला पाठवतो. आमच्या पाळीतल्या फ्रान्सेलचा पोरगा मारला गेला. त्याने परवा माझ्याशी हात मिळवला नाही. मी काय मागून घेतलं होतं का घरी राहणं?"

"तुला कुणी काही म्हटलंय का इथे?"

"म्हणत नाही, तेच." तो आईकडे पाहत होता.

"लोयझे बरोबर बोलतोय," आत्या म्हणाली. ज्या बाजूला आधार दिसेल तिकडे ती आता झुकत होती. "जाळा आणि मोकळे व्हा. कागदच तर आहे."

"कागदच?"

विदा हात पुसत मोरीशी उभी होती. ती आली तेव्हापासून कुणी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. चुलीशेजारच्या फळीवर चक्कीचं खोकं होतं. ती तिकडे गेली. नेझाचं अंग ताठ झालं.

"विदा. राहू दे ते."

"आई, मला फक्त बघायचंय."

"मी सांगतेय, राहू दे."

पण नेझाचे दोन्ही हात कणकेखाली होते. विदाने तळातून पुस्तक काढलं. पुस्तक कसलं, घडी घातलेला जाड कागद तो. आत तिकिटं ओळीने चिकटलेली, पहिल्या ओळीतली फाडलेली, बाकीची जशीच्या तशी. वर स्तांकोचं नाव, नीलुंड मास्तरांच्या वळणदार अक्षरात.

"या पुस्तकावर माणसाचं सगळं लिहितात ना," विदा म्हणाली. "माझ्या पुस्तकावरही होतं. उंची, वजन, केस." ती हसली. या घरात तार आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. "लग्नाच्या वेळी मी त्याला म्हटलं होतं, तुझं वजन तरी सांग. म्हणाला, जहाजावर चढायच्या आधी सैन्यवाले करतील तेव्हा कळवतो. कळवलं होतं त्याने." ती कागद खिडकीशी घेऊन गेली आणि वाचू लागली. "वय वीस. केस भुरे. डोळे करडे. उंची पाच फूट सहा..."

ती थांबली.

"पाच सहा तर मी आहे," ती म्हणाली.

झोफ्काने आईकडे पाहिलं. नेझाचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"वजन एकशे चोवीस," विदाने वाचलं. "हे चुकलंय. माझं डोकं त्याच्या डोळ्यांपर्यंत यायचं. आई, हे कुणाचं आहे?"

"त्याचंच आहे."

"पण हा स्तांको नाही!"

"मीच सांगितलं तसं," नेझा म्हणाली.

ती कणकेकडे बघत बोलत होती, आणि आवाज इतका साधा होता की जणू कुणाला मिठाचं प्रमाण सांगत होती. "शाळेत रांग होती. मास्तरांनी विचारलं, तो कामावर होता, तर मी सांगितलं. मला वाटलं, सरकार उंची विचारतंय. लढाई चालू आहे आणि सरकार पोरांची उंची विचारतंय. साखरेसाठी कुणी उंची विचारतं का? जुन्या देशात बादशहाचे लोक यायचे, गावातल्या पोरांना भिंतीशी उभं करायचे. बुटके असतील त्यांना परत पाठवायचे. माझा भाऊ याकोब गुडघे वाकवून उभा राहिला आणि घरी आला. त्याच्या बरोबरचे चौघे आले नाहीत." तिने श्वास घेतला. "मी स्तांकोचे गुडघे वाकवले. तीन इंच. वजनही कमी सांगितलं. मला वाटलं, वॉशिंग्टनमध्ये कुणी वाचेल आणि म्हणेल, असू दे, हा पोरगा नको."

"अगं आई," लोयझे म्हणाला.

"मग बोलावणं आलंच. पुस्तक परत करा म्हणाले. मी विचार केला, हा कागद त्यांच्या हाती गेला, त्यांनी त्याला मोजलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर खोटं बोलला म्हणून पोराला तुरुंगात टाकतील. म्हणून म्हटलं जळालं. जाळणारही होते. चुलीचं दार उघडलं होतं. पण त्यावर त्याचं नाव होतं."

"बरं, मग संपलं ते," झोफ्का म्हणाली. तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. "सैन्याने स्वतः मोजलं त्याला. या कागदाकडे कुणी पाहिलंही नाही, आई."

"तुला काय माहीत?"

"साखरेचं खातं वेगळं, सैन्याचं वेगळं."

"शिक्का एकच आहे. गरुडाचा." नेझाने पहिल्यांदा वर पाहिलं. "तिकडे ते शोधतायत ना त्याला? इटलीत? दवाखान्यांतून, कैद्यांच्या छावण्यांतून. हातात काहीतरी लिहिलेलं घेऊनच शोधत असतील. मग कुणाला शोधतायत ते? पाच फूट सहाच्या पोराला? समोर पडला असेल माझा, आणि म्हणत असतील, हा तो नव्हे, हा उंच आहे."

तिचे हात खाली आले. कणीक मधोमध फाटली, आवाज न करता.

झोफ्काला आठवलं, गेले सहा आठवडे आई रोज रात्री अक्रोड फोडत बसायची. एवढे अक्रोड कशाला, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. चक्कीचं खोकं तेव्हा आईच्या मांडीशी असायचं.

शेवटी आत्या हलली. बोटं पाण्यात बुडवून तिने फाटलेल्या कडा एकमेकींवर आणल्या आणि दाबल्या. "गुंडाळल्यावर दिसत नाही," ती म्हणाली. "आमच्या आईची तर दरवर्षी फाटायची. अक्रोड आण गं झोफ्का."

त्यांनी अक्रोड पसरले, गुंडाळी केली, साच्यात वळवून घातली. लोयझेने भट्टीचं दार उघडलं. कागद विदाच्या हातात होता, आणि तो तिच्याकडे न पाहता भट्टीपासून बाजूला झाला. जाळायचं आता कुणीच म्हणत नव्हतं.

नेझाने हात धुतले आणि खुंटीवरचा काळा कोट काढला.

"किती वाजले?"

"साडेदहा," झोफ्का म्हणाली. "आई, मी एकटी जाते. मी सांगते काय ते."

"तू माझ्या खोट्याखाली एकदा सही केलीस, तेवढी पुरे. वन्सं, पोतीत्सा अकराला फिरवा. करपली तर मी तुमचं नाव सगळ्या दुकानासमोर घेईन."

"घे बाई," आत्या म्हणाली आणि नाक शिंकरलं.

रेशन बोर्ड आगीच्या बंबांच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यावर टायरसाठी, बुटांसाठी माणसं उभी होती. नेझा, झोफ्का आणि विदा अशा ओब्लाकांच्या तीन बायका एका रांगेत वर येताना पाहून बोलणं बंद पडलं. को-ऑपमधली ती बयाही होती. नेझाने तिला मान लववून ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या. आईच्या कोटाच्या कोपरावर पीठ होतं, ते झोफ्काने पाहिलं, पण झटकलं नाही.

नीलुंड मास्तर टेबलामागे बसले होते. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि अजून ते सगळ्यांकडे चष्म्याच्या वरून, चुकलेल्या उत्तराकडे पाहावं तसं पाहत. त्यांची भाषा नेझाला दुकानापुरती आणि चर्चपुरती यायची. झोफ्का पुढे झाली, तर आईने तिला दंडाला धरून मागे केलं.

"मी खोटं बोलले," नेझा म्हणाली. "पुस्तक जळालं नाही. मुलीला माहीत नव्हतं. हे घ्या."

मास्तरांनी घडी उघडली. तिकिटं पाहिली, फाडलेल्या ओळीवर बोट टेकवलं. "ही मीच फाडली होती. अकरा पौंड," ते म्हणाले. "पुढे एकही वापरलं नाही तुम्ही."

"नाही."

"मग ठेवलं कशाला, मिसेस ओब्लाक?"

तिने कागदावरच्या स्तांकोच्या नावाकडे पाहिलं. मास्तरांनी शपथेचा जुना कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं, तिची सही घेतली. मग झोफ्काकडे वळले. आवाज आणखी हळू केला. "डुलुथला काही जाणार नाही. पण झोफ्का, सोमवारपासून या टेबलाशी दुसरं कुणीतरी बसेल. जिन्यावर काय बोलतायत ते तुला ऐकू येतंय."

"हो, सर," झोफ्का म्हणाली. तिने खिशातून बोर्डाच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. वाटलं होतं त्याहून ती हलकी लागली.

मास्तरांनी रद्द करायचा शिक्का शाईच्या गादीवर टेकवला.

"थांबा," नेझा म्हणाली. "आधी दुरुस्त करा. मग रद्द करा."

"काय दुरुस्त करू?"

"तो एवढा नाही." तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि मग हात वर नेला, स्वतःच्या डोक्याच्या बराच वर, हवेत. "एवढा आहे."

मास्तरांनी आकडा वाचला. चष्मा काढला. जिन्यावर कुणीतरी खोकलं. "शाळेत माझ्या वर्गाच्या दारातून जाताना तो मान वाकवायचा," ते म्हणाले. "ते दार नीट होतं, उगाच वाकवायचा, सवयीने. हा आकडा लिहिताना मला ते आठवलं होतं. तरीही मी तो लिहिला." त्यांनी शिक्का बाजूला ठेवला आणि पेन उचललं. "रद्द झालेल्या कागदावर दुरुस्तीचा काही उपयोग नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

झोफ्काने ते आईला आपल्या भाषेत सांगितलं.

"उपयोग मी कुठे मागितला?" नेझा म्हणाली. "फक्त खरं लिहा."

झोफ्काने हेही त्यांना सांगितलं. मास्तर कागदावर वाकले.

"उंची?"

"पाच नऊ," नेझा म्हणाली.

"पाच नऊ आणि अर्धा," विदा म्हणाली. "अर्धा सोडू नका."

त्यांनी जुन्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली आणि वर नवा लिहिला.

"वजन?"

नेझाने विदाकडे पाहिलं. ते तिला माहीत नव्हतं. आपल्या पोराचं हे आता आपल्याला माहीत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर उमटलं आणि तिने ते गिळलं. विदाने सासूचा हात धरला.

"एकशे बावन्न," विदा म्हणाली. "जहाजावर चढायच्या आधी."

"केस भुरे. आणि डोळे?" पेन कागदाच्या वर थांबलं. "इथे करडे लिहिलंय."

"ते बरोबर आहे," नेझा म्हणाली. "डोळ्यांचं मी खरं सांगितलं होतं."

मास्तरांनी शाई वाळू दिली. मग शिक्का उचलला आणि अगदी कोपऱ्यात मारला, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.